नाव बरोबर छापलं होतं

नोव्हेंबरात ह्यांच्याबरोबर बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. त्या महिन्यात आमच्या शाखेत बसायला जागा नसते. काठ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली पासबुकं, मशीनवर ठसा उमटत नाही म्हणून पदराला, धोतराला पुन्हा पुन्हा पुसली जाणारी बोटं. पंख्याखालच्या बाकावर शेजारी एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. माझ्याकडे दोन-तीनदा बघून म्हणाले, "तुम्ही पेपरात होता ना बाई? प्रूफं वाचायला?" मी हो म्हटलं. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांच्या आडनावात मधल्या अक्षराला दीर्घ वेलांटी आहे, पण बहुतेक लोक ती ऱ्हस्व काढतात. "रेशनकार्डावर चुकलंय, सातबाऱ्यावर चुकलंय, पगारपत्रकात तर दर वर्षी चुकायचं," ते म्हणाले. "तुमच्या त्या लेखात मात्र नाव बरोबर छापलं होतं." आवाजात राग नव्हता, खोचही नव्हती. मग त्यांचा नंबर आला, ते उठले, खिडकीपाशी जाऊन त्यांनी अंगठा टेकवला आणि आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवलं.

त्या दैनिकात मी अकरा वर्षं मुद्रितशोधक होते. पाळी संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायची आणि पान सुटेपर्यंत चालायची. डीटीपीवरून गरम गरम प्रिंट यायच्या, त्यांना जळक्या पावडरीचा वास असायचा. टेबलावर वाकवलेला दिवा, लाल पेन, काचेच्या ग्लासात साय धरलेला चहा. १९९८च्या उन्हाळ्यात एका रात्री डाक आवृत्तीची पानं गेल्यावर उशिरा एक मजकूर आला. तो बातमीदाराकडून आलेला नव्हता, मालकांच्या केबिनमधून आला होता. मथळा होता, 'गावाच्या बदनामीमागे कोण?' एका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी कलेक्टर कचेरीत अर्ज केला होता. गावात टँकर दिवसाला दोनदा येतो आणि कागदावर चारदा दाखवला जातो, एवढंच त्यात होतं. लेखात टँकरबद्दल अवाक्षर नव्हतं. गुरुजी मूळचे कुठले, त्यांच्याकडे कोण येतं-जातं, त्यांना बाहेरून कोण पुरवतं, ते पोरांच्या डोक्यात काय भरवतात, असं सगळं होतं आणि खाली 'विशेष प्रतिनिधी'. मजकुरात 'षडयंत्र' लिहिलं होतं. मी ड चा पाय मोडला. आडनाव ऱ्हस्व होतं. मला शंका आली म्हणून मी उठून कपाटातली शिक्षकांची जुनी यादी काढली, त्यांचं नाव शोधलं आणि वेलांटी दीर्घ केली. याचं मला त्या रात्री समाधानही वाटलं होतं, हे लिहायला आज जड जातं.

पानाच्या कोपऱ्यात माझी सही होती.

पुढे आठ दिवसांत त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. त्याआधी कुणी तरी त्यांच्या खिडक्या फोडल्या. ते खुलासा घेऊन ऑफिसात आले होते, दोन फुलस्केप कागद, स्वच्छ वळणदार अक्षर. बाहेरच्या बाकावर तासभर बसले. माझ्या टेबलावरचा दिवा त्यांना दारातून दिसत असणार. खुलासा छापून आला नाही. त्या दिवशी बँकेतून घरी येताना ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मला गुरुजी आठवतच होते, पण त्यांच्या मागे एक परदेशी रस्ता उभा होता. चढाचा, ट्रॉलीबसच्या तारांखालचा. गुरुजींना त्याचा पत्ता असण्याचं काही कारण नाही.

माझी लेक तेव्हा सर्बियातल्या बेलग्रेडला नोकरीला होती. २०१९च्या एप्रिलमध्ये मी तिच्याकडे महिनाभर राहिले. त्या वर्षांत आपल्याला तिकडे व्हिसा लागत नसे, त्यामुळे जाणं सोपं होतं. सकाळी ती कामाला गेली की मी एकटी हिंडायची. बेकरीतून येणारा बुरेकचा तुपट वास, पितळी भांड्यात उकळून गाळ तळाला बसू दिलेली काळी कॉफी, मंडईत शेतातून आलेल्या बायका आणि कांद्याच्या पातीच्या जुड्या. मंडईतल्या बायका जुडी उचलून नाकाशी धरायच्या तेव्हा मला आपली लक्ष्मी मंडई आठवायची. पाट्या वाचायचा मला जुना रोग आहे. तिथं दोन लिप्या शेजारी शेजारी नांदतात, सिरिलिक आणि लॅटिन. लेकीच्या ऑफिसातल्या एका मुलीनं मला अक्षरं शिकवली. तिनं सांगितलं, आमच्याकडे जसं बोलावं तसं लिहावं आणि जसं लिहिलंय तसं वाचावं, वुक कराजिचनं एकोणिसाव्या शतकात हा नियम पक्का केला. परदेशी नावंसुद्धा ते आपल्या उच्चारानं लिहितात. देवनागरीत आयुष्य काढलेल्या बाईला यापेक्षा ओळखीचं काय वाटणार? मला तो देश तिथंच जवळचा झाला.

११ एप्रिलला मी स्वेतोगोर्स्का रस्त्यानं चालले होते. आपल्याकडे तो जोतिबांच्या जयंतीचा दिवस. घरी फोन केला तेव्हा मागून मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते, ते अजून कानात होते. आतेलिये २१२ नावाचं नाटकाचं थिएटर याच रस्त्यावर आहे. त्याच्या पुढे, ३५ नंबरच्या इमारतीपाशी माणसं जमलेली दिसली. गर्दी मोठी नव्हती. बहुतेक जण पन्नाशी-साठीचे, काही तरुण, दोन-तीन कॅमेरे. भिंतीवरच्या पाटीखाली फुलं ठेवली होती. कुणी भाषण करत असेल तर ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकली ती शांतता, आणि मागून गेलेल्या बसचा आवाज. पाटीवरचे आकडे मात्र मला वाचता आले. ११ आणि १९९९.

संध्याकाळी त्या मुलीला विचारलं. तिनं नाव लॅटिन अक्षरांत दाखवलं, मी वहीत 'कुरुविजा' लिहिलं. तिनं माझ्या हातून पेन घेतलं. पहिलं अक्षर सी नाही, त्यावर एक तिरपी रेघ आहे, आणि जे चा उच्चार य. स्लावको चुरुविया. तो च सुद्धा आपला च नव्हे, जीभ टाळूला सपाट लावून म्हणायचा, थोडा च्य कडे झुकणारा. मी दहा वेळा म्हणून बघितलं. ती हसली नाही. तो एका दैनिकाचा संपादक, ११ एप्रिल १९९९ला त्याच इमारतीपाशी त्याचा खून झाला. तेव्हा ती पाच वर्षांची होती, तिला आठवतात ते बॉम्बहल्ल्याचे भोंगे आणि तळघरातला ओल्या कोळशाचा वास.

त्यानंतर मी त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेले, लेकीकडून, त्या मुलीकडून भाषांतरं करून घेत गेले. तो १९४९ साली झाग्रेबला जन्मला, शिकला बेलग्रेडला. काही काळ गृहखात्यात विश्लेषक होता आणि १९८६पासून 'बोर्बा' या दैनिकात. पुढे त्याचा मुख्य संपादक झाला. १९९४ साली सरकारनं 'बोर्बा' ताब्यात घेतलं तेव्हा तो बाहेर पडला, मित्राबरोबर एक साप्ताहिक काढलं आणि १९९६मध्ये 'द्नेव्नी तेलेग्राफ' हे रोजचं पत्र. अर्ध्या शतकानंतर सर्बियात निघालेलं हे पहिलं खासगी दैनिक. फोटोत दिसतो तो उंच, दाढीवाला, अंगानं भरलेला माणूस. मला तो साधुपुरुष म्हणून रंगवायचा नाही. त्याचं पत्र चटपटीत होतं, खपायला हवं म्हणून भडक मथळे देत होतं. सत्तेच्या घरातही त्याची ऊठबस होती. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाच्या, मिलोशेविचच्या पत्नीशी, मिरा मार्कोविचशी, त्याचं बोलणं होतं, आणि आतल्या बातम्या त्याच्याकडे येत त्या अशाच ओळखींतून. हे वाचताना मी आधी थोडी खट्टू झाले. पण मग वाटलं, आपण ज्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलोय त्यांच्याबद्दल छापणं जास्त अवघड. लांबून दगड मारायला कुणाचं काय जातं?

१९९८च्या ऑक्टोबरमध्ये कोसोवो प्रांतातल्या संघर्षावरून नाटोच्या हल्ल्याची धमकी डोक्यावर होती. त्याचं निमित्त करून सरकारनं वटहुकूम काढला आणि महिन्याच्या मध्याला 'द्नेव्नी तेलेग्राफ', 'दानास' आणि 'नाशा बोर्बा' ही तीन दैनिकं बंद केली. चुरुवियाचं एक नियतकालिक होतं, 'एव्रोप्ल्यानिन'. त्याच्या १९ ऑक्टोबरच्या अंकात त्यानं आणि अलेक्सांदार तियानिच या पत्रकारानं राष्ट्राध्यक्षांना उघड पत्र लिहिलं. त्याचा मथळा होता, 'पुढे काय, मिलोशेविच?' दुसऱ्या दिवशी, २० ऑक्टोबरला, नवा माहिती कायदा मंजूर झाला. त्यात कुणीही उठून वर्तमानपत्रावर तक्रार करावी, न्यायाधीशानं चोवीस तासांत निकाल द्यावा, लिहिलेलं खरं आहे हे लिहिणाऱ्यानंच सिद्ध करावं आणि दंड चोवीस तासांत भरावा, अशी सोय होती. अंक कायद्याच्या आधीचा होता तरी खटला त्याच कायद्याखाली चालला. नियतकालिकाच्या लोकांना मिळून २४ लाख दिनार दंड झाला, त्या काळच्या हिशेबानं दोन लाख डॉलरच्या वर. एवढे पैसे एका दिवसात कुठून येणार? मग जप्ती आली. ज्या सरकारनं हा कायदा आणला त्याचा माहितीमंत्री २८ वर्षांचा होता. अलेक्सांदार वुचिच. मी बेलग्रेडला होते तेव्हा तोच देशाचा अध्यक्ष होता आणि हे लिहिताना आजही आहे.

मला त्या कायद्यातलं चोवीस तासांचं कलम फार भिववतं. मजकूर तपासायला वेळ लागतो, हे मी ज्या टेबलावर शिकले तिथं एक आकडा पडताळायला कधी कधी रात्र जायची. ते कलम करणाऱ्याला वेळेची किंमत पक्की ठाऊक असणार. तुरुंगात टाकलं असतं तर गवगवा झाला असता. दंड ही कारकुनी गोष्ट, पावती फाडली की झालं. चुरुवियानं वर्तमानपत्राची नोंदणी शेजारच्या माँटेनेग्रोत केली, तिकडून अंक आणू लागला, तर पोलीस वाटेत गठ्ठेच्या गठ्ठे जप्त करायचे. विद्यार्थ्यांच्या 'ओतपोर' या नव्या संघटनेची आवळलेल्या मुठीची जाहिरात छापली म्हणून आणखी दंड. डिसेंबरात तो वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकी काँग्रेसच्या आयोगापुढे आपल्या देशातल्या पत्रांची दशा सांगून आला. १९९९च्या मार्चमध्ये एका उपपंतप्रधानाबद्दलच्या लेखावरून त्याला आणि त्याच्या दोन पत्रकारांना पाच पाच महिन्यांची कैद सुनावली गेली. २४ मार्चला बॉम्ब पडायला लागले. युद्धकाळात मजकूर आधी दाखवूनच छापायचा असा हुकूम होता. त्यानं पत्र बंद केलं आणि तो घरी बसला.

इथं एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात 'पोलितिका एक्स्प्रेस' या दैनिकात एक टिपण आलं, 'चुरुवियानं बॉम्बचं स्वागत केलं'. अशांना क्षमा नाही आणि त्यांचा विसरही पडणार नाही, असा त्याचा सूर. ते सरकारी दूरदर्शनच्या बातम्यांत वाचूनही दाखवलं गेलं. वरून बॉम्ब पडत असताना, लोक तळघरात बसलेले असताना, एका माणसाचं नाव घेऊन असं म्हणणं म्हणजे काय ते लिहिणाऱ्याला कळत होतं आणि वाचणाऱ्यालाही. आठवडाही उलटला नाही. ११ एप्रिलला त्यांचा ईस्टर होता, ऑर्थोडॉक्स पंचांगाचा. दुपारी तो आणि त्याची जोडीदार, इतिहासकार ब्रांका प्र्पा, शहरात फिरून घरी परतले. इमारतीच्या बोळात त्याला मागून गोळ्या घातल्या, तिच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता हाणला. सणाचा दिवस, दिवसाउजेड.

मिलोशेविचची सत्ता गेल्यावर गुप्त पोलिसांचे कागद बाहेर आले. त्या दिवशी ते दोघे कुठे गेले, कुणाला भेटले, याची वेळ लावून नोंद होती. माणसं मागावर होती आणि खुनाच्या थोडा वेळ आधी त्यांना माघारी बोलावलं गेलं. त्या नोंदीत त्याला टोपणनाव होतं, 'चुरान'. त्यांच्या भाषेत चुरान म्हणजे टर्की कोंबडा. आडनावाची पहिली अक्षरं उचलून त्याचं पाखरू केलेलं. कागदावर माणसाचं नाव पुसून दुसरं लिहिलं की लिहिणाऱ्याचा हात हलका होत असेल का? मी त्या कारकुनाचा विचार करते. त्यानं वेळा नीट लिहिल्या असतील, खाडाखोड केली नसेल.

आणि 'पोलितिका एक्स्प्रेस'च्या त्या रात्रीचा विचार करते. ते टिपण लिहिणाऱ्याचं नाव सर्वांना ठाऊक आहे, त्याचं मला काही सांगायचं नाही. पण मजकूर एकटा लिहिणारा छापत नाही. कुणी तरी तो जुळवला, कुणी तरी पानात बसवला, मथळ्याचा टाइप ठरवला, आणि कुणी तरी प्रूफ वाचलं. भोंगे वाजत असतील. खिडक्यांना काचा फुटू नयेत म्हणून चिकटपट्ट्या. घरी पोरं असतील, आई तळघरात असेल. त्या बाईनं किंवा बाप्यानं चुरुविया हे आडनाव तपासलं असेल, पहिलं अक्षर नीट आहे ना ते बघितलं असेल. मग सही. 'पोलितिका'ची उंच इमारत माकेदोन्स्का रस्त्यावर आहे. तिथून स्वेतोगोर्स्काची ती पाटी चालत काही मिनिटांवर. मी ते अंतर चालून पाहिलं. वाटेत एक फुलांचं दुकान लागलं, एका बाकावर म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. मला घाम आला होता आणि चढ तसा फार नव्हता.

ही बाई मी मनानं उभी केली आहे हे मला कळतं. पण तिला मी ओळखते.

आमचे वरिष्ठ सांगायचे, मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकू नका. माहिती कमी पडली की माणूस प्रश्नचिन्ह टाकतो. मी ते कित्येकदा काढलं आहे. पण शाळेत आपण सगळेच शिकलो, १८९७ साली 'केसरी'नं विचारलं होतं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' त्याच जातीचं प्रश्नचिन्ह 'पुढे काय, मिलोशेविच?' या मथळ्यातलं. ते वर बघून विचारलेलं असतं, खाली स्वतःचं नाव असतं, आणि विचारणारा उत्तर भोगायला तयार असतो. 'गावाच्या बदनामीमागे कोण?' यातलंही प्रश्नचिन्हच, पण ते खाली बघून टाकलेलं. खाली नाव नाही. खोटं आहे हे लिहिणाऱ्याला माहीत आहे आणि उद्या कुणी कोर्टात गेलंच तर आम्ही नुसतं विचारलं होतं म्हणायची सोय ठेवलेली. तीच खूण, तोच खिळा. त्या रात्री मी ते काढलं असतं तर मथळा उघडा पडला असता. माझ्या हातात तेवढं होतं. मी वेलांटी दुरुस्त केली.

बेलग्रेडमध्ये आणखी एक प्रश्न दगडावर कोरलेला आहे. ताश्मायदान बागेत, सरकारी दूरदर्शनच्या इमारतीमागे. 'झाश्तो?' म्हणजे 'का?' चुरुविया गेल्यावर बारा दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे दोनच्या सुमारास, नाटोनं त्या इमारतीचा एक भाग पाडला. आत रात्रपाळीची माणसं होती. १६ जण गेले, तंत्रज्ञ, रंगभूषा करणारी, पहारेकरी. इमारतीचा तुटलेला भाग २०१९मध्येही तसाच होता, मजले उघडे, लोंबणाऱ्या सळया, त्यावर कबुतरं. इमारत रिकामी केली नाही म्हणून पुढे दूरदर्शनच्या प्रमुखाला शिक्षा झाली, ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांना नाही. त्या दगडासमोर मी बराच वेळ उभी राहिले. ज्या संस्थेतून एका संपादकाविरुद्धचं टिपण घराघरात वाचलं गेलं, तिथलीच ही माणसं. त्यातल्या किती जणांना त्या टिपणाची लाज वाटली असेल, किती जणांना ते पटलं असेल, किती जणांनी ऐकलंही नसेल? पहाटे दोन ही रात्रपाळीतली सर्वांत जड वेळ. डोळे चुरचुरतात, चहा कडू लागतो, आणि माणूस फक्त घरी जायची वाट बघत असतो. मला त्यांच्यावर रागावता येईना.

मी पोचले त्याच्या काही दिवस आधी, ५ एप्रिल २०१९ला, न्यायालयानं निकाल दिला होता. गुप्त पोलिसांचा माजी प्रमुख रादोमिर मार्कोविच आणि त्याच्या खात्यातले तिघे दोषी ठरले, चौघांची शिक्षा मिळून १०० वर्षं. चौघांतला एक फरारीच होता. पत्रकारांच्या खुनांचा छडा लावायला २०१३ साली आयोग नेमला गेला, त्यात पत्रकारही होते, त्यानंतर कुठे आरोप दाखल झाले आणि २०१५मध्ये खटला उभा राहिला. म्हणून त्या दिवशी पाटीपाशी जमलेल्या चेहऱ्यांवर थोडं हायसं वाटणं होतं, असं मला नंतर कळलं तेव्हा उमगलं. पुढे वरच्या न्यायालयानं निकाल रद्द केला. पुन्हा खटला, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा तीच शिक्षा. आणि २०२४च्या २ फेब्रुवारीला बातमी आली की अपिलात चौघेही निर्दोष सुटले. मला ती त्या मुलीनं फोनवर कळवली. ती आता तिशीत आहे. ती म्हणाली, आमच्याकडे त्याला मारलं कुणी हे अधिकृतपणे कुणालाच माहीत नाही. त्याच्या नावानं त्याच्या मुलांनी संस्था काढली आहे, शोधपत्रकारितेचा पुरस्कार देतात. दर ११ एप्रिलला माणसं जमतात. ती दर वर्षी जाते, हे तिनं मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

१९९९च्या त्या एप्रिलमध्ये मी रात्रपाळीलाच होते. कोसोवोच्या बातम्या यायच्या, आम्ही त्या आतल्या पानावर एका स्तंभात लावायचो. बेलग्रेडमध्ये एक संपादक मारला गेला अशी चार ओळींची बातमी आली असेल. मी तिच्यातल्या वेलांट्या बघितल्या असतील. मला ती अजिबात आठवत नाही.

जानेवारीत मी गुरुजींकडे गेले. पत्ता शोधायला अवघड नव्हता, निवृत्त शिक्षकांची एक कॉलनीच आहे. ह्यांनी स्कूटरवरून सोडलं आणि चौकात थांबतो म्हणाले. दारात तुळस, पायरीवर वाळत घातलेल्या कुरडया. "बसा की बाई," म्हणाले. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं गेलं. मी एवढंच म्हटलं की ती वेलांटी मी शोधून दुरुस्त केली होती, कपाटातून यादी काढून. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. त्या लेखात तेवढीच खरी गोष्ट होती." मग आत जाऊन एक फाइल घेऊन आले. बदलीचा हुकूम, कलेक्टर कचेरीची पोच, खुलाशाची कार्बन प्रत, आणि प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेलं ते पान, चहाच्या रंगाचं झालेलं. षड्यंत्र. ड चा पाय मोडलेला. मी ते पान हातात धरलं आणि बोट कुठे ठेवावं ते मला कळेना. खुलाशाची प्रत मी पहिल्यांदाच वाचली. दोन पानांत एकही चूक नव्हती. टँकर किती वाजता येतो ते रोजच्या तारखांनी लिहिलेलं होतं, पंधरा दिवसांचं.

मी त्यांना बेलग्रेडचं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, सुरुवात कुठून केली तेही नाही. आतून त्यांच्या पत्नी येऊन उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, पण त्या बसल्या नाहीत आणि माझ्याशी बोलल्याही नाहीत. त्यांचं बरोबर होतं. खिडक्या फुटल्या तेव्हा घरात त्या होत्या. गुरुजींनी मध्ये काही विचारलं नाही. कायद्याचं चोवीस तासांचं कलम सांगितलं तेव्हा फक्त मान हलवली. सगळं झाल्यावर खिशातलं लाल पेन काढून माझ्यापुढे धरलं, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून दिलं आणि म्हणाले, "त्या संपादकाचं नाव लिहा बरं." मी लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. मी सांगितलं, हा च आपला नव्हे, जीभ टाळूला सपाट लावायची. चाळीस वर्षं पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवलेला माणूस. त्यांनी एकदा म्हणून बघितलं, मान हलवली, पुन्हा म्हटलं, डोळे मिटून जीभ कुठे लागते ते पाहिलं.

तिसऱ्यांदा त्यांना ते जमलं.